थंड झाली तरी मऊ

आमच्या घरात भूक ही गिऱ्हाइकांची गोष्ट होती. ती बाहेरून यायची, बाकावर बसायची आणि तासाभरानं घाम पुसत, नाक ओढत निघून जायची. आम्हा घरच्यांची आणि तिची कधी गाठ पडली नाही. समोरच्या खोलीत आमचं सावजी भोजनालय, मागे आमचं राहणं आणि मधे भट्टीची खोली. सकाळी डोळा उघडायचा तो धणे-खसखस भाजल्याच्या वासानं, आणि मग दिवसभर तोंडात काही ना काही असायचंच. आजोबांच्या काळी त्या समोरच्या खोलीत माग होता. विणकाम बसलं तसा बाबांनी विणताना पाय सोडायचा मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी बसवली आणि आईच्या हातच्या मसाल्याच्या भरवशावर खानावळ काढली. खड्ड्याच्या जागची फरशी मात्र खचत राहिली. तिथल्या टेबलाचा एक पाय कायम डगमगायचा आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवणं हे घरातलं माझं पहिलं काम.

दुसरं काम चाखणीचं. दिवसभर भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाची जीभ दुपारपर्यंत मरते, मग त्याला मीठ कळत नाही की तिखट. बाबांना हे माहीत होतं, म्हणून ते उकळत्या पातेल्यातून पळीच्या टोकानं थेंबभर रस्सा काढायचे, फुंकर घालून माझ्या तळहातावर टाकायचे आणि विचारायचे, "कसं आहे?" मटण असो, पाटोडी असो, डाळकांदा असो, प्रश्न तोच. मी सांगायची, मीठ कमी आहे, सुंठ पुढं येऊन राहिली, मसाला अजून कच्चा आहे. बाबांनी माझं म्हणणं कधी खोडून काढलं नाही, मी दुसरीत असतानाही नाही. पुढे थेंबाचा चमचा झाला, चमच्याची वाटी झाली, वाटीसोबत भाकरीचा तुकडा आला. अशा घरातली पोरगी बारीक राहिली असती तर लोकांनी खानावळीवरच संशय घेतला असता. मी जाड होते, आणि आमच्या गल्लीत त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. कॉलेजात वाटायचं, पण तिथे मी थोडाच वेळ असायची.

बाबांचे पाय सुजायला लागले तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सगळ्यांना वाटलं, दिवसभर उभं राहून सुजतात. पायांमागून तोंड सुजलं, मग एके दिवशी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना दम लागला आणि आम्ही धंतोलीत पोचलो. विदर्भातला दुखणाईत माणूस शेवटी धंतोलीतच येतो. दवाखान्यांच्या पाट्यांवर पाट्या, गल्लीभर रिक्षा, आणि फुटपाथवर डबे उघडून बसलेले लांबच्या गावचे नातेवाईक. आम्हीही त्यांच्यातले झालो. बाबांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. डायलिसिससाठी त्यांच्या डाव्या हाताच्या शिरा जोडून मोठ्या केल्या. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, जोर द्यायचा नाही. त्या जागी कान लावला की आतून घरघर ऐकू यायची. मी एकदाच लावला.

किडनी कोण देणार, तर आईला साखर होती, आत्याला बीपी. मी एकुलती एक. माझी जुळली. डॉक्टर चांगले होते, सरळ बोलायचे. म्हणाले, "मुलीची किडनी उत्तम आहे. पण या वजनावर मी तिला टेबलावर घेणार नाही. आधी उतरवा. आणि फार वेळ लावू नका, यांचं हृदय थकत चाललंय." मी हो म्हटलं. आजही कोणी विचारतं, भीती नाही वाटली का, नाहीतर उलट, केवढं मोठं मन तुमचं. यातलं काहीच नव्हतं. गॅस संपला आहे, सिलिंडर आणायचं आहे, असं कोणी सांगावं आणि आपण पायात चपला घालाव्या, तसं मी हो म्हटलं. आई खुर्चीची दांडी धरून बसली होती. बाबा काहीच बोलले नाहीत, ना हो, ना नको. हे न बोलणं मी पुढे बरेच महिने मनात धरून होते.

दवाखान्यातल्या बाईंनी काय खायचं ते सांगितलं. दुपारी एक भाकर, रात्री एक, पातळ वरण, उकडलेली भाजी, ताक. तेल जवळजवळ नाहीच. आई म्हणाली, "तुझं ताट मी पाहतो, तू भट्टीकडे पाह्य." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, पाहतो, करतो. भुकेची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्या आठवड्यात. तोवर मला वाटायचं, भूक पोटात लागते. ती आधी हातात लागते. हात नकळत परातीकडे, डब्याकडे, कढईकडे जातो आणि तो परत आणावा लागतो. मी पाणी पिऊन पाहिलं, काकडी चावून पाहिली, दुपारचं झोपून पाहिलं. दर थोड्या वेळानं दात घासले, कारण पेस्टच्या चवीवर काही खावंसं वाटत नाही असं कोणीतरी सांगितलं होतं. धरमपेठेपर्यंत पायी जाऊन यायची. जाताना ठीक असायचं, येताना कचोरीच्या दुकानासमोर पाय आपोआप मंदावायचे. माझी मुलगी आता मोबाइलवर उपास करते. किती वेळ खायचं नाही ते मोबाइल सांगतो, वेळ पुरी झाली की टिंग वाजतं आणि पडद्यावर फुलं पडतात. मी काही बोलत नाही. आमच्या वेळी फुलं पडत नव्हती, एवढंच.

माझी भूक सुरू झाली तेव्हा बाबांची तहान सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. लघवी बंद, म्हणून पाणी बंद. दिवसभरासाठी एक छोटा लोटा, त्यातच औषधं, त्यातच चहा. सावजी खाणारा माणूस जेवताना पाणी कसं पितो ते ज्यानं पाहिलंय त्याला बाबांचं त्या गल्ल्यावर बसणं काय होतं ते कळेल. पाण्याचे जग उलटे व्हायचे, गळ्यांचा घटघट आवाज यायचा आणि बाबा खिडकीबाहेर पाहायचे. दुपारची गर्दी ओसरली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायची. ते बर्फाचा खडा तोंडात ठेवायचे, मी लवंग.

"तुले काय वाटते, भूक वाईट का तहान?" एकदा त्यांनी विचारलं.

"तहान."

"नाही वं. तहानेले दुसरं काही सुचत नाही, एवढंच. भूक डोकं चालवते. माणसाले खोटं बोलायले लावते." मग खडा या गालातून त्या गालात घेत म्हणाले, "तू पळून नको राहू. धरमपेठेले जाते, झोपून जाते, ते कायले? पळालं का ते मागं येते. भट्टीपाशी उभी राह्य. मसाला भाज. आचाऱ्याले कधी भूक लागलेली पाहिली का तू? वासानंच पोट भरते."

मला ते खुळ्यासारखं वाटलं, पण करून पाहिलं, आणि ते खरं निघालं. पहिला थोडा वेळ जीव जातो. मग दगडफूल आणि मिरी भाजल्याचा धूर नाकातोंडात इतका बसतो की अन्न या गोष्टीचाच वीट येतो. तासभर भट्टीपाशी उभी राहिले की माझी भूक मुकाट बसायची. चाखणी मात्र सुटली नव्हती, बाबांची जीभ तर आता औषधांनी पुरती गेली होती. ते म्हणायचे, "टोकाले लाव, सांग, चूळ भर." मी टोकाला लावायची, सांगायची, मोरीत चूळ भरायची. गिऱ्हाइकं बोटं चाटत जेवत होती, आणि ते रांधणाऱ्या घरात एकानं पाणी सोडलं होतं, एकीनं अन्न.

त्या काळातलं मला फार काही वाटलेलं आठवत नाही. शेजारणी यायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या, मी त्यांना चहा द्यायची. परीक्षा झाली, पासही झाले. बाबांना डायलिसिसला सोडायचं, बाहेर बसायचं, घरी आणायचं, भट्टी पेटवायची. आतून सगळं सुन्न पडलेलं, इंजेक्शन दिलेल्या हिरडीसारखं. बोट लावलं तर कळायचं की काहीतरी आहे, पण आपलं आहे असं वाटायचं नाही.

आणि वजन उतरेना. सुरुवातीला थोडं उतरलं, मग काटा जो अडला तो अडलाच. डॉक्टरांनी कागद पाहिले, मला पाहिलं. "घरी खानावळ आहे ना?" म्हणाले आणि हसले. वाईट हसले नाहीत, पण मला कळलं. जाड माणूस उपाशी आहे हे कोणाला खरं वाटत नाही. आत्यानं तर तोंडावरच सांगितलं, "थुकत नाही ते पोट्टी, गिळून राहिली. माझा भाऊ मरून राहिला आन् हिची जीभ आवरत नाही." आई तिथेच तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मला स्वतःचाच संशय यायला लागला. टोकाला लावलेला थेंब पोटात जात असेल का, धुरातून काही जात असेल का. मी चाखणी बंद केली. दोन दिवसांत गिऱ्हाइकांनी ताटं अर्धी टाकली, आणि बाबा गल्ल्यावर बसून ती उष्टी ताटं मोरीकडे जाताना पाहत राहिले.

तशातली एक दुपार. डायलिसिसला त्या दिवशी यंत्र बिघडलं, आम्हाला घरी यायला फार उशीर झाला. भोजनालयाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आईनं माझं ताट त्या डगमगत्या टेबलावर झाकून ठेवलं होतं. रोज मी तव्यावरची गरम भाकर वरणात कुस्करून, खाली मान घालून खायची. भुकेलं माणूस चव बघत नाही, संपेल म्हणून घाबरत खातं. त्या दिवशी भाकर कधीची थंड झालेली. मी हात धुवायला गेले. बाबा ताटासमोर बसले होते, त्यांनी सहज भाकरीचा काठ मोडला, आणि मोडलेला तुकडा बोटांत धरून तसेच राहिले.

पाण्यावर थापलेली ज्वारीची भाकर थंड झाली की चिवट होते, तोडायला दोन हात लागतात. ही मऊ होती. बाबांनी तो तुकडा चुरला, नाकापाशी नेला. मग बोट वरणात बुडवून अंगठ्यावर घासून पाहिलं. जीभ गेली होती, बोटं गेली नव्हती.

"काहून वं?" त्यांनी आईला विचारलं.

आई भट्टीच्या दारात उभी होती. ती नाही म्हणाली नाही. भाकरीच्या पिठात तेलाचं मोहन तिनं पहिल्या आठवड्यापासून घातलं होतं. वरणात तेल घोटून घोटून जिरवायची, म्हणजे वर तवंग चमकू नये. भाजीत शेंगदाण्याचं कूट इतकं बारीक वाटून की दिसू नये. ज्या हाताच्या चवीवर आमचं घर चालत होतं तो हात हे सगळं लपवण्यात लागला होता.

"अजी, मले कोणी विचारलं का?" आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डाक्टरनं तिले विचारलं, तुम्हाले विचारलं. मी तिथंच बसून होती ना. एक माणूस सुया टोचून घेऊन राहिला, ते पाहतो मी. आता दुसरं पण टेबलावर निजवू? हिले उपाशी ठेवलं तर तुम्ही वाचता, हिले जेवू घातलं तर तुम्ही जाता. असा सैपाक मले येत नाही. मले नाही शिकवला कोणी."

मला आईचा राग यायला हवा होता, महिनाभर मी चोर ठरले होते. राग आला नाही. ताटापाशी बसून मी दोन घास घेतले आणि भाकर खरोखर चांगली लागत होती, एवढंच वाटलं. बाबांनी उरलेला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, खूप वेळ चावला आणि म्हणाले, "उद्यापासून हिची भाकर मी करतो."

दुसऱ्या दिवसापासून ते परात घेऊन बसायला लागले. डावा हात मांडीवर, उजव्या हातानं पीठ मळायचं, एकाच हातानं थापायची. कडा फाटायच्या, भाकर नकाशासारखी व्हायची. मी बाजूला बसून पाहायची. आयुष्यभर या माणसानं कोणाला उपाशी उठू दिलं नव्हतं; अर्ध्या ताटासाठी आलेल्यालाही रस्सा दुसऱ्यांदा वाढायचे. आता ते माझ्यासाठी मोजून पीठ घेत होते, आणि कशासाठी घेत होते ते आम्हा दोघांना माहीत होतं. बापानं पोरीला उपाशी ठेवायचं, म्हणजे बाप जगेल. भाकर कडक व्हायची. मी चावून चावून खायची. काटा हलायला लागला. बाबा रोज माझ्या ताटाकडे न पाहता विचारायचे, "झालं?" मी म्हणायची, "झालं."

मग एका दुपारी मी बाहेरून आले. ताट झाकलेलं होतं, भाकर थंड. काठ मोडला. मऊ.

मी आईकडे पाहिलं. आईनं मानेनं नाही म्हटलं, तिचे हात मिरच्यांत होते. बाबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्या उजव्या हाताला अजून पीठ लागलेलं.

"बाबा, तेल पडलं का यात?"

ते आपल्या हाताकडे पाहत राहिले. "हात गेला, माय," ते म्हणाले. "डब्याकडे हात गेला. मीच नेला."

तेव्हा मला त्यांचं दवाखान्यातलं ते न बोलणं कळलं. डॉक्टरांच्या समोर हो म्हणाले असते तर माझं पोट मागितल्यासारखं झालं असतं, नको म्हणाले असते तर खोटं झालं असतं, कारण त्यांना जगायचं होतं. जगायची एवढी इच्छा असलेल्या माणसाचा हातसुद्धा शेवटी तेलाच्या डब्याकडे गेला. मला रडू आलं नाही. इथे रडू यायला पाहिजे, एवढं मात्र समजत होतं. ती मऊ भाकर मी सगळी खाल्ली, ताट घासलं, परात उचलून माझ्या बाजूला ठेवली. त्यानंतर माझी भाकर मी थापली. या घरात ते काम दुसऱ्या कोणाला जमणार नव्हतं.

वजन उतरलं. चांगलं भराभर उतरलं. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, आता कशी छान दिसून राहिली. बागेत फिरायला येणाऱ्या बायका मला अजून विचारतात, तेव्हा एवढं कसं उतरवलं. मी सांगते, भाकर थंड करून खा. त्यांना गंमत वाटते. ते वजन पुढे मी सगळं परत कमावलं, हे त्यांना दिसतच असतं. पण तेव्हा काय झालं, की वजनाबरोबर भूकही गेली. भट्टीपाशी उभं न राहताही लागेना. सुरुवातीला बरं वाटलं. मग लक्षात आलं की जिभेच्या टोकाला लावलेलं मला समजत नाही. मी अंदाजानं सांगायची, ठीक आहे. कोणाला कळू दिलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याला काटा आला त्या सकाळी बाबा सोबत होते. डॉक्टर खूश झाले, माझ्या पाठीवर थाप मारली, तारीख दिली. बाबांनी काट्याकडे पाहिलं नाही. बाहेर आलो तर कोपऱ्यावर तर्री-पोह्यांचा ठेला होता. बाबा थांबले. एक प्लेट घेतली, माझ्या हातात दिली.

"खा आता."

"ऑपरेशन व्हायचं आहे अजून, बाबा."

"एका प्लेटीनं काही होत नाही. माझी पोरगी किती दिसाची भुकेली आहे, मले माहीत आहे. खा."

ते माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. त्यांना त्यातलं काहीच चालत नव्हतं, मला काहीच नको होतं, आणि आमच्या दोघांत ती एक प्लेट. मी एक घास घेतला.

"कसं आहे?"

किती महिन्यांनी त्यांनी तसं विचारलं होतं. मी चावलं, गिळलं. ओला कागद खाल्ल्यासारखं लागलं. मी म्हटलं, "चांगलं आहे. बरोबर आहे."

बाबा हळू म्हणाले, "मसाला जळला आहे, माय. मले इथपर्यंत वास येऊन राहिला." त्यांनी माझ्या हातातून प्लेट घेतली आणि ठेल्यावर ठेवली. रिक्षात बसेपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, त्यांच्या त्या डाव्या हातानं. मनगटापाशी त्या जोडलेल्या शिरांची घरघर मला लागत होती.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं गल्ल्यावर बसले आणि पोटभर पाणी प्यायले, हे इथेच सांगून टाकते. आज त्या गल्ल्यावर मी बसते. पण मला सांगायचं आहे ते ऑपरेशननंतरच्या एका दुपारचं. मी वॉर्डात, बाबा आत काचेच्या खोलीत. मधे आई दिवसभर ये-जा करत होती. डॉक्टरांनी मला घरचं खायला सांगितलं होतं आणि मी दोन दिवस तोंड फिरवत होते. आई डबा घेऊन आली. घरून धंतोलीपर्यंत येईस्तोवर भाकर थंड झालेली. तिनं फडकं सोडलं, ताटली माझ्या छातीशी धरली आणि स्वतः खिडकीबाहेर पाहत बसली.

मी काठ मोडला. भाकर मऊ होती. या वेळी तिनं काही लपवलं नव्हतं, बोटांना तेल लागलं. वरणात बुडवून घास तोंडात घेतला आणि पोटात एकदम कळ आली. मला वाटलं टाक्यांची आहे. मी थांबले. पुन्हा आली. ती ओळखायला मला जरा वेळ लागला, इतक्या दिवसांनी ती येत होती. मी दुसरा घास घेतला, मग तिसरा, मग मला रडू यायला लागलं आणि मी रडत रडत खात राहिले. आईनं मागे वळून पाहिलं नाही, फक्त पाण्याचा गिलास माझ्या जवळ सरकवला.

"तुझ्या बाबानं विचारून ठेवलं आहे," ती खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "मंदी जेवली का सांग म्हणे. कसं आहे ते विचारून ये म्हणे."

मी घास फिरवला. महिनोन् महिने आमच्या घरात बाबांसाठी आळणी शिजत होतं, आईच्या हाताला तीच सवय लागली होती.

"वरणात मीठ कमी आहे," मी म्हटलं. "सांग त्यांना."

आई उठली, पायात चपला सरकवल्या आणि काचेच्या खोलीकडे सांगायला गेली.